गोवरातली आकडी

गंगव्वा चौगुलेला घाबरलेलं तिच्या गावात कुणी पाहिलं नव्हतं. निपाणीच्या अलीकडं चार मैलांवर तिच्या नवऱ्याची पिठाची गिरणी होती. नवरा काविळीनं गेला तेव्हा मुलगी कस्तुरी नऊ वर्षांची होती. दिवस होतात न होतात तोच भावकीतले चौघेजण गिरणी विकायचा विषय घेऊन ओसरीवर येऊन बसले. गंगव्वानं त्यांना चहा दिला, वाटेला लावलं आणि दुसऱ्या दिवशी पदर खोचून स्वतः इंजिनाचं हँडल फिरवलं. पुढं पंधरा वर्षं तिनं ती गिरणी चालवली. चालत्या चाकावर सुटलेला पट्टा चढवायला गडीमाणसंही कचरायची. ती ते बायकांशी बोलता बोलता करायची. गिरणीवरच कस्तुरी शिकली, बालवाडीच्या बाईंचा कोर्स तिनं केला आणि एक्क्याण्णव साली ती चिकोडीच्या मगदुमांची सून झाली. जावई पद्मनाभ बंगळूरला बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात फिटर होता. बनशंकरीत दोन खोल्या घेऊन राहत होता. मुलगा निर्व्यसनी, बोलायला कमी. गंगव्वाच्या जिवाला स्वस्थता आली.

ती स्वस्थता पुरती दोन वर्षंही टिकली नाही.

त्र्याण्णवच्या फेब्रुवारीत पोस्टमास्तरांच्या घरी पद्मनाभचा फोन आला. भाजी घेऊन परतताना कनकपुरा रोडवर एका मेटाडोरनं कस्तुरीला मागून उडवलं होतं. ड्रायव्हर थांबलाही नाही. एका नारळवाल्यानं नंबर टिपून घेतला म्हणून गाडी सापडली. गंगव्वा दुसऱ्या दिवशी सकाळी बंगळूरला उतरली आणि तशीच मेंदूच्या सरकारी दवाखान्यात गेली. कस्तुरीचं अर्धं डोकं भादरलेलं, डोळे सुजून मिटलेले, आणि हाक मारली तर नुसती एक करंगळी हलत होती.

पद्मनाभ रक्ताच्या बाटलीसाठी धावत होता. तेवढ्यात एक तरुण डॉक्टर हातात कागद घेऊन आला आणि कन्नडमध्ये भराभर विचारू लागला. वय किती, मूलबाळ आहे का, साखर, दमा, पूर्वी कधी फिट, आकडी?

गंगव्वा एक क्षण थांबली. त्या एका क्षणात तिच्या मनात एवढंच आलं की डॉक्टरला एखादी गोष्ट सांगायची राहिली आणि तेवढ्यापायी पोरीचं बरंवाईट झालं तर?

"एकदा आली होती," ती म्हणाली. "दोन वर्षांची होती तेव्हा. गोवर निघाला होता, अंग चुलीसारखं तापलेलं."

"पुन्हा कधी?"

"न्हाई. पुन्हा कधीच न्हाई."

डॉक्टरनं इंग्रजीत एक ओळ लिहिली आणि तो निघून गेला. ते बोलणं दुसऱ्या कुणी ऐकलं नाही. गंगव्वाही विसरून गेली.

ऑपरेशन झालं. डोक्यात साकळलेलं रक्त काढलं. बाविसाव्या दिवशी कस्तुरी घरी आली, जूनमध्ये डोक्याला रुमाल बांधून पुन्हा बालवाडीत शिकवायला जाऊ लागली. गंगव्वा गावी परतून गिरणीला लागली. इकडं पद्मनाभनं बसवनगुडीतल्या शेषगिरी राव वकिलांकडून नुकसानभरपाईचा दावा दाखल केला. हे वकील तीन पिढ्या बंगळूरला राहिलेले, पण घरात मराठीच बोलणारे. निम्मे शब्द कन्नड, तरी मराठीच. वर्ष सरता सरता विमा कंपनीनं तडजोडीला तयारी दाखवली. बावीस हजार घ्या आणि सही करा. कस्तुरी हिंडतीफिरती झाली होती; पद्मनाभला ते बरं वाटलं. सोमवारी सह्या करायचं ठरलं. संक्रांतीला म्हणून गंगव्वाही आलेली होती.

सह्यांच्या आधीच्या शनिवारची सकाळ. कस्तुरी ओट्याशी उभी राहून चपात्या लाटत होती. गंगव्वा खाली बसून शेंगा निवडत होती.

"अव्वा, रॉकेलचा वास यायलाय का ग?"

"रॉकेल कुठलं? घरात थेंब न्हाई."

उत्तर आलं नाही म्हणून गंगव्वानं वर पाहिलं. कस्तुरी भिंतीकडं बघत होती. ओठ काहीतरी चघळल्यासारखे हलत होते, लाटणं हातातच होतं. मग तिच्या तोंडातून असा एक आवाज निघाला, की तो माणसाचा आहे असं वाटेना, आणि ती ताठ होऊन मागं कोसळली. गंगव्वानं आधी तवा सरकवला, गॅस बंद केला, मग पोरीचं डोकं मांडीवर घेतलं. ते मांडीवर ठरत नव्हतं. हातपाय आपटत होते, ओठ काळेनिळे पडले होते, तोंडाच्या कोपऱ्यातून रक्ताचा फेस येत होता. शेजारची पवित्रा धावत आली. कुणी चपलेचा वास दे म्हणालं, कुणी किल्ल्यांचा जुडगा हातात कोंबला. दोन-तीन मिनिटांत सगळं थांबलं आणि कस्तुरी घोरू लागली.

पोरीच्या तोंडावरचा फेस पुसता पुसता गंगव्वा थबकली. हे आपण आधी पाहिलेलं आहे, हे तिला आठवलं होतं. एवढीशी दोन वर्षांची कस्तुरी, गोवरानं लाल झालेली, अशीच ताठ. असेच डोळे वर गेलेले.

दवाखान्यात डॉक्टरनं समजावून सांगितलं. मेंदूला मार लागला की तिथं व्रण राहतो. त्या व्रणातून हे उठतं, कधी महिन्यांनी, कधी वर्षांनी. गोळ्या रोज घ्यायच्या, वेळ चुकवायची नाही. एकटीनं विस्तवापाशी, पाण्यापाशी जायचं नाही. फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, चप्पल-किल्ल्या काही नको. गंगव्वाच्या ओठांवर प्रश्न आला होता: डॉक्टर, लहानपणी गोवरात आली होती ती हीच का? पण शेजारी पद्मनाभ उभा होता. तिनं प्रश्न गिळला. लग्नाआधी मगदुमांनी विचारलं नव्हतं, तिनं सांगितलं नव्हतं. गोवरातल्या आकडीचं कोण सांगत बसतं? पण आता ते सांगितलं तर कसं दिसेल?

शेषगिरी रावांनी तडजोडीचा कागद परत पाठवला. "सही नको. आता हा दावाच निराळा झाला. ही मुलगी जन्मभर गोळ्या खाणार, ते सगळं मागायला पाहिजे."

गंगव्वानं गिरणी भाड्यानं दिली आणि ती बनशंकरीतच राहिली. तिच्या आयुष्याचं आता एकच काम झालं, कस्तुरीवर नजर ठेवणं. न्हाणीघराची आतली कडी तिनं काढून टाकायला लावली. कस्तुरी आत असली की ती दाराबाहेर बसून काहीबाही विचारत राहायची आणि उत्तराला उशीर झाला की दार ढकलायची. भांडं पडलं की ती धावत जाऊन बघायची. रस्त्यात कुणी ओरडलं तरी धावायची. कस्तुरीनं नाक जरा वर केलं, की गंगव्वा हातातलं टाकून उठायची: "काय ग? वास येतोय का?" कधी कधी शेजारच्यांच्या फोडणीचाच वास असायचा. मग कस्तुरी चिडायची. "अव्वा, तू अशी बघत राहिलीस की मलाच वाटायला लागतं, आता येणार."

मार्चमध्ये बालवाडीत, मुलांना गोलात बसवून गाणं म्हणताना तिला फिट आली. मुलं किंचाळत बाहेर पळाली, एक मुलगी पायरीवरून पडली. मुख्याध्यापिका घरी येऊन कॉफी प्यायल्या, कस्तुरीचं कौतुक केलं, आणि उद्यापासून येऊ नका म्हणाल्या. गोळ्यांनी कस्तुरीच्या हिरड्या सुजल्या होत्या. हसताना ती तोंडावर हात धरायची. त्या दिवसानंतर हात धरायचीही वेळ फारशी आली नाही.

तारखांवर तारखा पडत शहाण्णव साल उजाडलं. एका संध्याकाळी शेषगिरी रावांनी तिघांना ऑफिसात बोलावलं. त्यांच्यापुढं दवाखान्याच्या केसपेपरांची नक्कल होती. विमा कंपनीच्या वकिलानं ती मागवली होती.

"यात एक ओळ आहे," ते म्हणाले. "पहिल्याच पानावर. 'आईच्या सांगण्याप्रमाणे, बालपणी झटके येण्याचा इतिहास.' अक्का, हे तुम्ही सांगितलं होतं?"

गंगव्वा टेबलाची कड धरून म्हणाली, "व्हय. गोवरात. एकदा."

"एकदा हा शब्द यात नाही. गोवर हाही नाही. विमा कंपनी म्हणणार, आजार जन्मापासूनचा, अपघाताचा काही संबंध नाही. त्यांचा पैसा वाचला." ते चष्मा काढून म्हणाले, "आणि यात दुसरीही एक गोष्ट आहे. ती मी सांगितली नाही तर दुसरं कुणी वाईट तऱ्हेनं सांगेल. विवाह कायद्यात फेफऱ्याचा शब्द आहे. लग्नाआधीपासून ज्याला वारंवार फेफरं येतं, त्याचं लग्न रद्द करून मागता येतं."

तो शब्द तेव्हा कायद्यात होता. पुढं काही वर्षांनी काढून टाकला. पण त्या संध्याकाळी तो होता, आणि तो ऐकून पद्मनाभनं पहिल्यांदा सासूकडं पाहिलं.

"एका तापातल्या आकडीला कुणी वारंवार म्हणत नाही," शेषगिरी राव घाईनं म्हणाले. "कायद्यानं भीती नाही. सरी ना, ठीक?"

घराचं कुलूप काढताना पद्मनाभ म्हणाला, "मामी, खरंच एकदाच?"

"पोरीच्या गळ्याची आण."

"मग तीन वर्षं बोलला का नाहीत?"

उत्तराची वाट न बघता तो आत गेला. त्या दिवसापासून त्यानं आपलं अंथरूण बाहेरच्या खोलीत घातलं.

कस्तुरीचं बोलणं त्याहून जिव्हारी लागलं. ती दुसऱ्या दिवशी दुपारी धुणं वाळत घालून आली. मग आईसमोर येऊन बसली. "अव्वा, म्हणजे हे आधीपासूनच माझ्यात होतं?"

"न्हाई ग. गोवराच्या तापानं सगळ्यांच्याच पोरांना—"

"तुला काय माहीत? तू डॉक्टर आहेस? ते मेटाडोर आलं नसतं तरी आलं असतं का हे? मी इतकी वर्षं त्या ड्रायव्हरला शिव्या देतेय. मला तरी सांगायचं होतंस. माझंच अंग आहे."

गंगव्वानं तिचा हात धरायला हात पुढं केला. कस्तुरीनं तो धरू दिला नाही.

पंधरा दिवसांनी पद्मनाभचा थोरला भाऊ कल्लाप्पा चिकोडीहून आला. घरातला कर्ता तोच. वडील गेल्यावर त्यानंच पद्मनाभला शिकवलं होतं, लग्न लावून दिलं होतं. बूट न काढताच तो खुर्चीत बसला. कस्तुरीनं आणलेलं पाणी त्यानं घेतलं, पण तिच्याकडं बघितलं नाही.

"गंगव्वाक्का, मी चिकोडीत वकिलाला विचारून आलोय. फेफऱ्याची पोरगी दडवून गळ्यात बांधली असली, तर लग्न मोडतं. कोर्ट मोडून देतं."

"मी दडवलं न्हाई, कल्लाप्पाण्णा."

"मग कोर्टात सांगा की असलं काही झालंच नव्हतं म्हणून. डॉक्टरनं चुकीचं लिहिलं म्हणा. त्याला तुमचं कन्नड कळलं नसेल म्हणा. पैसेही मिळतील आणि आमच्या घराचं नावही जाणार नाही. पण भर कोर्टात तुम्ही हो म्हटलंत," त्यानं पेला खाली ठेवला, "तर मग माझ्या भावाचं मी बघून घेईन."

गंगव्वानं जावयाकडं पाहिलं. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. भावाकडं नाही, बायकोकडं नाही, तो खाली बघत होता.

"तुमचं काय म्हणणं, जावईबापू?"

"कोर्ट काय म्हणतं ते बघू," पद्मनाभ म्हणाला.

कस्तुरीनं रिकामा पेला उचलला आणि ती आत गेली. भांड्यांचा आवाजही आला नाही. म्हणूनच गंगव्वा धावली. कस्तुरी मोरीशी उभी होती, पेला हातात, डोळे भिंतीवर. गंगव्वानं तिला पडता पडता धरलं आणि दोघी एकदमच खाली गेल्या. बाहेरच्या खोलीतून कल्लाप्पा आला, दारात थिजला. त्यानं हे पहिल्यांदाच पाहिलं होतं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला, आणि तो मागं सरकत सरकत पायरीपर्यंत गेला.

साक्षीची तारीख ऑगस्टची होती. आदल्या आठवड्यात गंगव्वा एकटीच विचारत विचारत बसनं बसवनगुडीला गेली आणि शेषगिरी रावांपुढं जाऊन बसली.

"साहेब, मी न्हाई म्हणाले तर?"

"कशाला नाही?"

"डॉक्टरला काही सांगितलंच न्हाई, असं."

त्यांनी पुढ्यातली फाईल मिटली. "अक्का, तुम्ही नाही म्हणाल. मग ते त्या डॉक्टरला आणून उभं करतील. तो म्हणेल, बाई बोलली ते मी लिहिलं, मला काय वैर? मग तुमचं दुसरं खरंही कुणी खरं मानणार नाही. स्वल्पसुद्धा खोटं नको."

"आणि खरं सांगून पोरीचं घर मोडलं म्हंजे?"

"ते मी सांगू शकत नाही," शेषगिरी राव म्हणाले. त्यांनी खोटा धीर दिला नाही, एवढंच तिला घरी येताना बसमध्ये आठवत राहिलं.

त्या आठवड्यात तिला जेवण गेलं नाही. गोळ्या ती दोन-दोनदा मोजायची. एक गोळी खाली पडली की ती रडकुंडीला यायची. गिरणीत पट्ट्याखाली हात घालताना तिला कधी काही वाटलं नव्हतं. तिथं पट्टा कुठं आहे ते डोळ्यांना दिसायचं.

कोर्टात गर्दी होती, पंखा फिरत होता तरी घाम येत होता. कल्लाप्पा चिकोडीहून मुद्दाम आलेला. मागच्या बाकावर पद्मनाभशेजारी बसला होता. कस्तुरी भिंतीकडेला, पवित्राच्या शेजारी. गंगव्वाचं नाव पुकारलं तेव्हा तिला वाटलं, उठताच येणार नाही. पिंजऱ्याचं लाकूड गुळगुळीत होतं. तिनं ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

विमा कंपनीचा वकील सभ्य होता. कन्नडमध्ये हळू आवाजात विचारत होता, आणि त्याचीच जास्त भीती वाटत होती.

"तुमच्या मुलीला लहानपणी फिट आली होती?"

मागच्या बाकावरचे दोन चेहरे तिला दिसत होते.

"आली होती."

"म्हणजे हा आजार जुना आहे."

"न्हाई साहेब, ते—"

"हो की नाही, एवढंच सांगा."

तिनं न्यायाधीशांकडं बघितलं. ते लिहायचे थांबले होते. "त्यांना सांगू द्या," ते म्हणाले.

मग गंगव्वानं सांगितलं. पोर दोन वर्षांची. गोवराचा तिसरा दिवस. ताप एवढा की ओलं फडकं कपाळावर वाळत होतं. ती ताठ झाली, डोळे फिरले, मी देवाचं नाव घेऊन पाच-सहा वेळा अंगणात येरझाऱ्या घातल्या असतील तेवढ्या वेळात थांबलं. चौथ्या दिवशी उठून तिनं भात मागितला. "त्यानंतर बावीस वर्षं एकदाही न्हाई. शाळेत न्हाई, न्हाणं आलं तेव्हा न्हाई, मलेरिया झाला, अंग असंच फणफणलं, तेव्हाही न्हाई. मोटारीनं डोकं फोडलं, त्यानंतर आली."

"लग्न ठरवताना मगदुमांना हे सांगितलं होतं?"

"न्हाई."

"म्हणजे लपवलंत."

कोर्टात एकदम शांत झालं, की तिला तसं वाटलं. हाच तो प्रश्न. याच्याच भीतीनं तिनं कित्येक रात्री काढल्या होत्या. आणि आता तो विचारून झाला होता.

"साहेब, लपवायचं असतं तर दवाखान्यात विचारल्याबरोबर सांगितलं असतं का? तुमच्या हातात जो कागद आहे तो माझ्याच तोंडातून आलाय. मला कुणी मारून वदवलं न्हाई. पोर मरायला टेकली होती, डॉक्टरनं विचारलं, मी सांगितलं."

वकिलानं कागद खाली ठेवला. "डॉक्टरला सांगितलंत. मग फिट्स सुरू झाल्यावर जावयाला दोन वर्षं का नाही सांगितलं?"

"भ्याले," गंगव्वा म्हणाली.

आणखी काही न विचारता वकिलानं कागद उचलले. तो बसला. गंगव्वा पिंजऱ्यातून उतरली.

बाहेर व्हरांड्यात कल्लाप्पा उभ्या उभ्या कॉफी प्यायला. "निकाल लागू दे," एवढं भावाला म्हणून तो बसस्टँडवर गेला.

दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई दोन तारखा चुकवून तिसऱ्या तारखेला आल्या. त्यांनी डोक्याचा फोटो उजेडात धरून न्यायाधीशांना व्रण दाखवला, मार लागला होता बरोबर त्या जागी. लहान मुलांना तापात एखादी आकडी येते आणि बहुतेकांना ती पुन्हा कधीच येत नाही, हेही सांगितलं. कस्तुरीनं ते कान देऊन ऐकलं. घरी येताना ती आईच्या शेजारी बसली आणि खिडकीबाहेर बघत म्हणाली, "म्हणजे माझ्यात नव्हतं." गंगव्वानं फक्त मान हलवली.

निकाल सत्त्याण्णवच्या मार्चमध्ये लागला. मागितले होते त्याच्या निम्म्याहून कमी मिळाले, एक लाख अडतीस हजार आणि व्याज. त्यातले बरेचसे बँकेत कस्तुरीच्या नावे ठेवायचे होते. शेषगिरी रावांनी रकमेच्या आधी दुसरंच वाक्य वाचून दाखवलं: अर्जदाराला येणाऱ्या फिट्स या अपघातातील इजेमुळेच आहेत. ते त्यांनी इंग्रजीत वाचलं, मग गंगव्वाकडं बघून मराठीत सांगितलं.

त्या संध्याकाळी पद्मनाभनं आपलं अंथरूण उचललं आणि आतल्या खोलीत आणलं. कस्तुरी कपड्यांच्या घड्या करत होती.

"बाहेरच राहू द्या," ती म्हणाली.

"का?"

"आम्ही खोट्या नव्हतो हे तुम्हाला कोर्टानं सांगितलं. अव्वानं माझ्या गळ्याची आण घेतली तेव्हा नाही ऐकलंत."

पद्मनाभनं अंथरुणाची वळकटी पुन्हा काखेत घेतली. "मी भ्यालो होतो," तो म्हणाला. मग तो बाहेर गेला. स्वयंपाकघरात गंगव्वानं ते ऐकलं. तिला त्याचा राग यायला हवा होता. तो आला नाही, कारण कोर्टात तिनंही तोच शब्द उच्चारला होता.

चिकोडीहून त्यानंतर काही आलं नाही, ना वकिलाची नोटीस, ना दिवाळीचं बोलावणं. घरातली ती बोच सात-आठ महिने राहिली. मग एका रविवारी गंगव्वा दळण आणायला गेली असताना कस्तुरीला फिट आली. ती परतली तेव्हा कस्तुरी कुशीवर झोपलेली होती, डोक्याखाली पद्मनाभचा सदरा गुंडाळून ठेवलेला, आणि तो तिच्या शेजारी जमिनीवर, मनगटावरच्या घड्याळात बघत बसलेला. "दोन मिनिटं दहा सेकंद," तो म्हणाला. "मी मोजलं." त्यापूर्वी फिट आली की तो पवित्राला हाक मारायला बाहेर धावायचा. त्यानंतर अंथरूण केव्हा आत गेलं, ते गंगव्वानं विचारलं नाही.

फिट्स थांबल्या नाहीत, पण कमी झाल्या. तीन-चार महिन्यांत एखादी. कस्तुरीनं घरातच चार मुलांची शिकवणी धरली. आयांना आधी सगळं सांगितलं. दोघींनी मुलं काढून घेतली, दोघींनी ठेवली.

अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यात एका सकाळी ती म्हणाली, "आज बँकेत मी जाते. व्याजाचं बघायचंय."

"थांब, मी पातळ बदलते."

"एकटी जाते, अव्वा."

गंगव्वानं हातात घेतलेलं पातळ परत ठेवलं. कस्तुरीनं पर्समध्ये गोळ्या टाकल्या, नाव-पत्ता आणि काय करावं ते कन्नडमध्ये लिहिलेली चिठ्ठी टाकली, आणि ती गेली. बसवनगुडीची बस अर्ध्या तासाची. बँकेत एक तास धरला तरी साडेबाराला परत यायला हवी होती. साडेबारा वाजले. एक वाजला. गंगव्वा गेटपाशी उभी राहिली, मग कोपऱ्यापर्यंत गेली, मग पवित्राकडं फोन आहे म्हणून परत आली. पण फोन करायचा कुणाला? कारखान्यात करावा तर पद्मनाभ काम सोडून धावेल. बसच्या पायरीवर आली असेल का? रस्ता ओलांडताना? चिठ्ठी कुणी वाचली असेल का? दीड वाजला तेव्हा तिनं चपला घातल्या.

तेवढ्यात कस्तुरी कोपऱ्यावरून वळली. छत्री उघडी, पाऊस थांबला होता तरी.

"कुठं होतीस?" गंगव्वा ओरडली.

"बँकेत रांग होती. मग भूक लागली. समोरच्या हॉटेलात डोसा खाल्ला." कस्तुरीनं छत्री मिटली. "एकटीच बसले होते. कुणी बघत नव्हतं."

गंगव्वाला रागवायचं होतं. तिनं कस्तुरीच्या हातातली ओली छत्री घेतली, पायरीवर झटकली, आणि दुपारच्या गोळीची वेळ टळून गेली आहे म्हणून पाणी आणायला ती आत गेली.